विणकराची वही

कॅनडात ‘मास्टर विव्हर’ हे प्रमाणपत्र मिळवायचं तर कुठल्या कॉलेजात नाव घालावं लागत नाही. गिल्ड ऑफ कॅनेडियन विव्हर्स ही हातमागावर विणणाऱ्यांची संस्था परीक्षेची यादी देते. त्या यादीतले नमुने विणकराने आपल्या घरी, आपल्या मागावर, आपल्या सवडीने विणायचे. बेसिक, इंटरमिजिएट, सीनियर आणि मास्टर अशा चार पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर यादी संपते. तिथे विणकराने स्वतःचा प्रश्न निवडायचा, मागावर त्याचा शोध घ्यायचा आणि नमुन्यांसह प्रबंध लिहायचा. मग सगळं खोक्यात भरून परीक्षकांकडे जातं. विणणारी बाई की बुवा, वय काय, माग कोणता, गुरू कोण, यातलं काहीही त्यांच्यापुढे येत नाही. येतात ती कापडं आणि त्यांच्याबरोबरचे कागद.

अमेरिकेतही हँडवीव्हर्स गिल्ड ऑफ अमेरिका ‘सर्टिफिकेट ऑफ एक्सलन्स’ देते. तिथे पायऱ्या दोन. पहिलीत हाताचा आवाका बघतात, म्हणजे नाना तऱ्हेच्या विणी नीट जमतात का ते. दुसरीत एकच विषय निवडून त्याच्या तळाशी जायचं. दोन्ही देशांत परीक्षेची मेख एकच आहे. सुंदर शाल विणून पाठवली म्हणून कुणी पास होत नाही. ती शाल तशी का झाली हे विणकराला लिहून दाखवावं लागतं.

ओंटारियोत राहणारी माझी एक मैत्रीण सध्या या शेवटच्या पायरीवर आहे. मूळची सोलापूरची. परीक्षक निनावी कापड पाहतात, म्हणून तिचं नाव इथे छापू नये अशी तिची विनंती आहे आणि ती मला पूर्ण पटते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे राहिले ते मुख्यतः तिच्या वह्या पाहायला. घराच्या तळघरात तिचा आठ शाफ्टचा, म्हणजे उभे धागे गटागटाने वर-खाली करणाऱ्या आठ चौकटींचा, माग आहे. शेजारच्या फळीवर आधीच्या तीन पायऱ्यांचे जाड बाइंडर ओळीने उभे आहेत.

एक पान उघडू. जाड कार्डाला कापडाचा नमुना फक्त वरच्या कडेने डकवलेला. खालून तो मोकळा, कारण परीक्षकाला तो उलटून पाठ बघता आली पाहिजे, चिमटीत धरून त्याची पडण दिसली पाहिजे. बाजूला ताण्याच्या (उभ्या) आणि बाण्याच्या (आडव्या) धाग्याची एकेक छोटी गुंडी बांधलेली. समोरच्या पानावर धाग्याची जात आणि नंबर, फणी कुठली, एका घरात किती धागे, इंचाला ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, मागावर रुंदी किती, मागावरून उतरवल्यावर किती, धुतल्यावर किती. मग चौकटींच्या कागदावर काढलेला आराखडा: कुठला धागा कुठल्या शाफ्टातून ओवला, पायाखालच्या पट्ट्या कशा बांधल्या, त्या कोणत्या क्रमाने दाबल्या. शेवटी दोन-तीन ओळी, हे कापड कशासाठी योग्य आहे आणि कशासाठी नाही.

साध्या विणीचं पान पहिलं. एक धागा वर, एक खाली, इतकंच. या पानावर ती सगळ्यात जास्त काळ अडली होती, आणि का ते भिंगातून पाहिल्याशिवाय कळत नाही. समतोल साधी वीण म्हणजे इंचाला जितके ताण्याचे धागे तितकेच बाण्याचे. कापडावर एक इंची भिंग ठेवून सुईच्या टोकाने धागे मोजायचे. ताण्याचा आकडा फणीने बांधून दिलेला असतो, तो चुकत नाही. बाण्याचा आकडा मात्र सर्वस्वी हातावर असतो. फणीचा ठोका जरा जोरात बसला की बाणा दाटतो, हात सैल पडला की विरळ होतो. सकाळी विणलेलं आणि जेवणानंतर विणलेलं कापड भिंगाखाली वेगळं दिसतं. नक्षी असली तर नजर नक्षीवर जाते आणि असले फरक झाकले जातात. इथे झाकायला काहीच नाही. कुणाच्या हाताची जात ओळखायची असेल तर त्याच्याकडून हातभर साधं कापड विणून घ्यावं, असं माझं मत या पानाने झालं.

हिशेबाची पानं मला फार आवडली. सोलापूर-इचलकरंजीच्या माणसाला ‘रीड-पीक’, म्हणजे इंचाला ताण्याचे आणि बाण्याचे धागे, हा शब्द नवा नाही. यंत्रमागाची मजुरीच पिकावर ठरते. तोच हिशेब इथे विणकर स्वतः, पहिल्या पायरीपासून मांडतो. सुती धाग्याच्या नंबराचा अर्थ असा, की १ नंबरचं सूत एका पौंडात ८४० यार्ड भरतं. ८ नंबरचं सूत दोनपदरी पिळलेलं असेल तर ८४० ला ८ ने गुणायचं, २ ने भागायचं. पौंडाला ३३६० यार्ड. आता हे सूत इंचाला किती बसवायचं? पट्टीवर एक इंचभर धागा शेजारी शेजारी गुंडाळायचा, न दाबता, न फट ठेवता, आणि फेरे मोजायचे. साध्या विणीत प्रत्येक दोन धाग्यांमध्ये बाण्याला वाट हवी, म्हणून फेऱ्यांच्या साधारण निम्मे धागे. टवीलमध्ये बाणा दोन-दोन धागे ओलांडून जातो, वाटा कमी लागतात, म्हणून साधारण दोन तृतीयांश. या सुताला साध्या विणीत इंचाला २० आणि टवीलला २४ हा बहुतेकांचा अनुभव आहे.

पण २० हा मागावरचा आकडा. मैत्रिणीला धुतल्यावर आठ इंच रुंद नमुना हवा होता. विणताना कडा आत ओढल्या जातात, धुतल्यावर सूत आटतं. दोन्ही मिळून तिने पंधरा टक्के धरले. म्हणजे फणीत साडेनऊ इंच ताणा, १९० धागे. हा आकडा पानावर लिहिलेला आहे, आणि त्याच्याखाली प्रत्यक्षात काय घडलं तेही. धरलेली आटणी आणि झालेली आटणी यांत फरक पडला, तर तो पुसायचा नसतो. उलट त्याचं कारण लिहायचं असतं.

धुण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे हातमागावर कौतुकाने लिहिणारेही इथे घाईने पुढे जातात. मागावरून उतरलेला तुकडा हे अजून कापड झालेलं नसतं. ताणाखाली तट्ट उभे असलेले धागे मोकळे होतात, फणीच्या दातांच्या रेघा त्यात स्पष्ट दिसतात, लोकर असेल तर जाळीसारखं विरळ काहीतरी हाती येतं. मग पाणी. सुती तुकडा गरम पाण्यात पडला की धागे फुगून एकमेकांना धरतात आणि रेघा मिटतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, साबण आणि चोळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड दाटत जातं. योग्य क्षणी थांबलं तर मऊ, उबदार कापड. थोडं पुढे गेलं तर नमदा. परत यायची सोय नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या लॉरा फ्राय यांनी याच विषयात जन्म घालवला. १९९७ मध्ये त्यांनी गिल्डचं मास्टर विव्हर प्रमाणपत्र मिळवलं, आणि २००२ मध्ये ‘मॅजिक इन द वॉटर’ हे पुस्तक काढलं. त्या पुस्तकात छायाचित्रांवर भागवलेलं नाही. धुण्याआधीचे आणि धुतल्यानंतरचे खरे कापडाचे तुकडे वाचकाला पानांवर बोटांनी चाचपता येतात. छापील पुस्तकाने एवढा खर्च आणि खटाटोप करावा यातच विषयाचं मर्म आहे. कापडाबद्दल जे कळायचं त्यातलं बरंच डोळ्यांना कळत नाही.

मैत्रिणीच्या फळीवर चौथा एक बाइंडर आहे. तो परीक्षकांकडे कधीच जाणार नाही. न पाठवलेले नमुने त्यात आहेत: कड दातेरी झालेली, टवीलची तिरकी रेघ मध्येच मोडलेली, ‘समर अँड विंटर’ विणीत पाठ आणि पोट यांचे गडद-फिके रंग अदलाबदल व्हायला हवे होते तिथे दोन्ही बाजू सारख्याच मळकट दिसणाऱ्या. दुपेडी विणीचा एक तुकडा तर मोठा शिकवणारा. चार शाफ्टवर एकाच वेळी वरचं आणि खालचं अशी दोन कापडं विणायची, दोन्ही एका कडेला जोडलेली, म्हणजे उतरवून उलगडलं की दुप्पट रुंद कापड मिळावं. दुमडीच्या जागी धागे दाटून तिथे उभा पट्टा उमटला होता. तिने पानावर कारण लिहिलंय आणि उपायही: दुमडीजवळचे काही धागे फणीत विरळ भरावेत. परीक्षेला गेलेल्या तीन बाइंडरांपेक्षा हा चौथा मला मोलाचा वाटला, आणि तो गिल्डने मागवून जतन करावा असं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, “अगं, नवीन शिकणाऱ्या मुली हाच आधी मागतात.”

कसब सिद्ध करण्यासाठी कारागिराने एक वस्तू घडवून पंचांपुढे ठेवायची, ही युरोपातल्या कारागीर-श्रेणींची जुनी रीत. ‘मास्टरपीस’ हा शब्द तिथूनच आला. नमुन्याच्या आणि लिखाणाच्या बळावर उस्तादी ठरवणं मात्र विसाव्या शतकात रुजत गेलं, आणि त्या वाटेवरचा एक ठळक टप्पा म्हणजे जर्मनीतली बाउहाउस शाळा. अ‍ॅनी अल्बर्स यांना १९३० मध्ये तिथली पदविका मिळाली ती एका भिंतीच्या कापडावर. बर्नाऊ इथे कामगार संघटनांच्या शाळेची इमारत हानेस मायर बांधत होते. तिथल्या सभागृहात आवाज घुमत होता. अल्बर्स यांनी सुताबरोबर शेनील आणि सेलोफेन घेऊन असं कापड विणलं की एका अंगाने ते उजेड परतवेल आणि दुसऱ्या अंगाने आवाज शोषेल. शोभेचा मुद्दा त्यात दुय्यम होता. प्रश्न, त्यावरची वीण आणि ती का लागू पडते याचं स्पष्टीकरण, हे तिन्ही एका हातचं होतं. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन झालं. तिथे हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या विणकर. १९६५ मध्ये त्यांचं ‘ऑन विव्हिंग’ आलं. विणणाऱ्या माणसाने विणीविषयी लिहिलं की शब्दांना कसं वजन येतं ते त्या पुस्तकात पाहावं.

आता आपल्याकडे येऊ. कापडाच्या नमुन्यांची वही म्हटलं की हिंदुस्थानच्या संदर्भात एक अवाढव्य नाव समोर येतं, आणि त्याचा धागा अहमदनगरला आणि मुंबईला पोचतो. जॉन फोर्ब्स वॉटसन हा स्कॉटिश डॉक्टर १८५० मध्ये मुंबई लष्कराच्या वैद्यकीय खात्यात आला. अहमदनगरला तोफखान्याबरोबर होता, पुढे मुंबईत जमशेटजी रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘जेजे’त, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला. इंग्लंडला परतल्यावर तो हिंदुस्थानी मालाचा सरकारी अहवालकार आणि लंडनच्या इंडिया म्युझियमचा प्रमुख झाला. १८६६ मध्ये त्याने अठरा खंडांचा संच तयार केला. त्यात हिंदुस्थानातल्या कापडांचे ७०० खरे नमुने: पागोटी, धोतरं, साड्या, लुंग्या, मलमल, किनखाब. असे वीस संच. तेरा ब्रिटनमध्ये वाटले, सात हिंदुस्थानात पाठवले. हेतू उघड होता आणि त्याने तो लपवलेला नाही: हिंदुस्थानी लोकांना काय नेसायला आवडतं ते मँचेस्टर-प्रेस्टनच्या गिरणीवाल्यांनी घरबसल्या पाहावं आणि तसा माल काढावा. वीस संचांसाठी अखंड वस्त्रांचे तुकडे केले गेले.

त्या पानांवर माहिती आहे. कापड कुठलं, कशासाठी वापरतात, लांबी-रुंदी किती, वजन किती, किंमत किती. आज अभ्यासक या खंडांना फार मानतात आणि त्यात गैर काही नाही; कितीतरी ठिकाणच्या विणींचा तेवढाच ठेवा उरला आहे. पण पानामागून पान उलटत गेलं तरी विणणाऱ्याचं नाव भेटत नाही. ताणा कसा भरला, सुताला खळ कसली दिली, रंग पक्का कसा केला, ठोका किती, हे सांगणारा आवाज नाही. ते वॉटसनला नकोच होतं. त्याला विकत घेणाऱ्याची आवड हवी होती. विणणाऱ्याचं ज्ञान गिरणीला निरुपयोगी होतं.

स्वातंत्र्यानंतर हा ओघ उलटवायचा मोठा प्रयत्न झाला. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रं सुरू झाली आणि मुंबईचं केंद्र त्यातल्या पहिल्यांपैकी. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ मध्ये मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळाचं डिझाइनचं काम पाहत होते. प्रभाकर बरवे यांच्यासारखा चित्रकार विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता, आधी वाराणसीत आणि मग अनेक वर्षं मुंबईत. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारा माणूस दिवसा विणकरांसाठी आराखडे काढत होता ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात घेतलेली नाही. या केंद्रांनी हजारो नमुने विणून घेतले. त्या कामाचं मोल मोठं आहे, आणि तरीही मला तिथे तीच उणीव दिसते. चित्रकारांची नावं कलेच्या इतिहासात गेली. आराखडा कापडात उतरवताना मागावर बसलेल्याने काय बदललं, काय शक्य नाही म्हणून सांगितलं, कुठला धागा सुचवला, हे त्याच्या शब्दांत फारसं कुठे उतरलं नाही.

आपल्या परंपरेत विणकराने लिहून ठेवायची रीतच नव्हती, असं कुणी म्हणेल तर काश्मीरकडे पाहावं. कानी शालींसाठी आणि गालिच्यांसाठी तिथे ‘तालीम’ चालते. कुठल्या रंगाचा धागा किती घरं जायचा याची सांकेतिक लिपी कागदाच्या लांब पट्ट्यांवर लिहितात, आणि ती वाचत वाचत वीण पुढे सरकते. नक्षी डोळ्यापुढे नसली तरी चालते, लिपी असली की पुरे. म्हणजे मागाची लेखी भाषा याच देशात घडलेली आहे, आणि ती कारागिरांनीच घडवली.

मैत्रिणीच्या प्रबंधाचा विषय या सगळ्याला छेदून जातो. मागावर एका रंगाचा बाणा जिथे संपतो आणि शेजारचा रंग जिथे सुरू होतो, तो सांधा. तुर्की-इराणी किलीममध्ये दोन्ही रंग आपापल्या धाग्यावरून परत फिरतात, मध्ये उभी फट राहते. काही ठिकाणी दोन्ही रंग एकाच ताण्याच्या धाग्याला वळसा घालतात. आणि पैठणीत शेजारचे दोन बाणे एकमेकांत अडकवून परततात. म्हणून पैठणीच्या पदरावरचा मोर मागून पुढून जवळजवळ सारखा दिसतो आणि पाठीवर धाग्यांचे लोंबते झोल नसतात. कानीतही असाच सांधा, फक्त तिथे पाया टवीलचा आणि इथे साध्या विणीचा. तिला प्रत्येक सांध्याचे नमुने विणून ताण, आटणी, जाडी आणि मजबुती यांची तुलना करायची आहे. किलीमवर पुस्तकं आहेत, युरोपातल्या टॅपेस्ट्रीवर ग्रंथालयं भरलेली आहेत. पैठणीवर लिहिलेलं पुष्कळ मिळालं: इतिहास, पेशव्यांच्या पत्रांतले उल्लेख, नक्षींची नावं, आसावली, बांगडी मोर, मुनिया, नारळी काठ. सांधा घालताना बोटं नेमकं काय करतात हे विणणाऱ्याने सांगितलेलं तिला कुठे सापडेना.

म्हणून परत आल्यावर मी येवल्याला गेले ते तिचे काही नमुने पिशवीत घेऊन. येवल्यात ओळखीतून ज्या घरी गेले तिथले काका लहानपणापासून मागावर आहेत. बाहेरच्या खोलीत खड्ड्याचा माग, ताण्यावर गर्द जांभळं रेशीम, पदर चालू. पदराच्या रुंदीत प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. ताण्याखाली नक्षीचा कागद. एका ओळीसाठी डावीकडून उजवीकडे एकेक कांडी उचलायची, नेमके तेवढे धागे ओलांडायचे, शेजारच्या रंगात अडकवायची, खाली सोडायची, पुढची घ्यायची. सगळ्या कांड्या झाल्या की ठोका. इतकं करून कापड वाढतं ते एका धाग्याच्या जाडीने.

मैत्रिणीचा एक नमुना मी त्यांच्या हातात दिला. रेशमातला, लाल आणि हिरवा, मध्ये अडकवलेला सांधा. त्यांनी तो सुलट पाहिलाच नाही, आधी उलटा केला. मग डोळे दुसरीकडेच, आणि अंगठा सांध्यावरून वरपासून खालपर्यंत सावकाश.

“पाठ बरीय,” काका म्हणाले. “पण ताई, हिनं धागा ओढून परत घेतलाय. हिरव्याच्या अंगाला. इथून वर.”

त्यांनी जिथे अंगठा थांबवला ती जागा मी पिशवीतल्या पानाशी ताडून पाहिली. मैत्रिणीने लिहिलं होतं: नमुन्याच्या वरच्या अर्ध्या भागात हिरव्या बाजूची रुंदी कमी भरते, त्या बाजूला बाण्याचा ताण जास्त पडला असावा. तिने ते मोजपट्टीने शोधलं होतं, उतरवलेला तुकडा टेबलावर पसरून. काकांनी अंगठ्याने शोधलं.

मी विचारलं, असं होऊ नये म्हणून काय करायचं? काका हसले, कांडी घेतली आणि करून दाखवलं. बाणा सरळ न टाकता किंचित कमान ठेवायची, अडकवल्यावर न ओढता बोटाने नुसता दाबायचा, आणि ओढायचं काम ठोक्यावर सोडायचं. “ओढायचं फणीनं, आपण नाही.” कमान किती ठेवायची? “रेशमाच्या पिळावर. आणि पावसाळ्यात जरा कमी.” हे शेवटचं वाक्य मी पुन्हा विचारून घेतलं. हवेत ओल असली की धागा वेगळा वागतो, ठोका वेगळा लागतो, असं त्यांनी समजावलं. ओंटारियोच्या कोरड्या हिवाळ्यात, हीटर चालू असलेल्या तळघरात विणणाऱ्या बाईला या एका वाक्याची किती गरज होती, ते मला ठाऊक होतं. ते आजवर कुठल्याही कागदावर नव्हतं.

घरात काकांची सून विणते, मुलगा विणतो. येवल्यात आता बायका मागावर मोठ्या संख्येने बसतात. साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन, कुठल्याही विणकर समाजात विद्या अशीच गेली आहे: शेजारी बसवून, हाताला हात लावून. हा मार्ग अपुरा होता असं मी म्हणणार नाही. त्यानेच तर पैठणी आपल्यापर्यंत आली. पण शेजारी बसायला मूल राहिलं नाही तर तो मार्ग एका पिढीत बंद होतो, आणि आज शहरातली दुसरी कामं समोर असताना हे घराघरात घडतं आहे. सरकार पुरस्कार देतं, राष्ट्रीय पुरस्कार, संत कबीर पुरस्कार, आणि येवल्याच्या विणकरांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेही आहेत. त्या मानाबद्दल मला आदर आहे. तिथे पूर्ण वस्त्र पाहून कारागिराचा गौरव होतो. ते वस्त्र मग कुणाच्या तरी कपाटात किंवा संग्रहालयाच्या काचेत जातं आणि त्यातली विद्या बंद होते. त्याच कारागिराकडून सन्मानाबरोबर नमुन्यांची वही मागितली तर? सांध्याचं पान, काठाचं पान, जरीचं पान, पावसाळ्याचं पान. बिघडलेल्या तुकड्यांचं तर हवंच. लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीने लिहावं, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच मोजमापात. इंचाच्या आकड्यांत त्याचं रूपांतर नंतर कुणीही करेल.

मी हे काकांना म्हटलं. ते बराच वेळ विणत राहिले आणि मग हिशेब मांडला. पैठणी एकदा मागावर चढली की महिनोन् महिने चालते. मजुरी पूर्ण साडीची. नमुना विणायचा म्हणजे चालू ताण्यावर विणता येत नाही, वेगळा ताणा भरायचा, सांधणी करायची, रेशीम घालायचं, दिवस घालायचे, आणि शेवटी हाती येणार वीतभर तुकडा जो कुणी विकत घेत नाही. “साडी केली तर घर चालतं. ह्या तुकड्याचं कोण देणार?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर विणकरांनी शोधायचं नाही. कॅनडातली माझी मैत्रीण दुसरी नोकरी करते, रात्री विणते, स्वतःच्या पैशाने सूत घेते. तिच्या देशात हातमाग हा बहुतेकांचा चरितार्थ नाही, म्हणून तिथल्या गिल्डला ‘आपापल्या सवडीने विणा’ म्हणणं परवडतं. येवल्यात सवड म्हणजे बुडालेली मजुरी. इथे नमुन्यांची वही घडायची असेल तर प्रत्येक नमुन्याला साडीच्या दराने, दिवसाच्या हिशेबाने मजुरी मिळाली पाहिजे, रेशीम आणि जर वेगळी. विणकर सेवा केंद्राकडे मुंबईत माग आहेत, तंत्रज्ञ आहेत, नमुने सांभाळायचा अनुभव आहे. गावात एक प्रत, केंद्रात एक प्रत, आणि प्रत्येक पानावर विणणाऱ्याचं नाव. सरकारी प्रदर्शनांच्या मांडवावर जो खर्च होतो त्याच्यापुढे ही रक्कम मोठी नाही.

मी तिथूनच फोनवर मैत्रिणीला काकांचं म्हणणं सांगितलं. तिने तिथल्या तिथे ठरवलं: प्रबंधातल्या पैठणीच्या सांध्याचे नमुने ती स्वतः विणेल, आणि त्यांच्या शेजारी काकांनी विणलेले ठेवेल, त्यांच्याच शब्दांतल्या वर्णनासह. नमुन्यांवर तिचं नाव जाणार नाही, तो परीक्षेचा नियम. काकांचं मात्र गेलं पाहिजे, कारण ते तिचे आधार आहेत, जसे वॉटसनचे खंड आहेत आणि अल्बर्स यांचं पुस्तक आहे. फोन मी काकांना दिला. त्यांनी दोन अटी घातल्या. नाव पूर्ण लिहायचं, गावासकट. आणि नमुने लाल-हिरव्यात नको, जांभळ्या आणि जरीत करू, कारण जरीचा सांधा रेशमापेक्षा वेगळा बसतो आणि दाखवायचंच तर तोही दाखवू. मजुरीचा आकडा त्यांनी सांगितला, तिने घासाघीस न करता मान्य केला. चालू पदर उतरला की दसऱ्यानंतर ताणा लागेल, असं ठरलंय.